बटण कोपऱ्यात पळालं म्हणून रडू नकोस

अगं, अँड्रॉइड स्टुडिओ उघडलास, पाच मिनिटं नुसती बघत बसलीस आणि बंद केलास, हो ना? डावीकडे पॅलेट, मधे एकाच्या जागी दोन फोन, एक पांढरा आणि एक निळा, उजवीकडे ॲट्रिब्युट्सची न संपणारी यादी, खाली सरकणाऱ्या ओळी आणि लॅपटॉपच्या पंख्याची घरघर. कुणीही दचकेल. त्यात आई विचारणार, 'झालं का गं तुझं ॲप?' पण बघ, त्या पसाऱ्यातल्या दहा गोष्टींपैकी तुला पहिल्या महिन्यात तीनच लागतात. पॅलेटमधून वस्तू ओढायची, फोनच्या चित्रावर सोडायची आणि उजवीकडे तिचे गुण बदलायचे. बाकीचं सगळं तिथं नाहीच असं समजून चाल.

आता तुझी पहिली तक्रार घेऊ, कारण ती तुझी एकटीची नाही. 'ताई, व्हिडिओत दाखवतात ती पॅलेट माझ्याकडे येतच नाही, नुसता कोडच दिसतो.' नवीन प्रोजेक्ट सुरू करताना तू 'एम्प्टी ॲक्टिव्हिटी' निवडलंस ना? नाव साधंभोळं आहे, म्हणून सगळ्या मुली तेच निवडतात. पण २०२३पासून त्या नावाखाली जेटपॅक कंपोज मिळतं. कंपोजमध्ये स्क्रीन कोडनं लिहायची असते आणि बाजूला तिचं चित्र दिसतं, ओढून आणून ठेवायला काहीच नसतं. तुला हवंय ते 'एम्प्टी व्ह्यूज ॲक्टिव्हिटी'. मधला तो 'व्ह्यूज' शब्द शोध आणि नवीन प्रोजेक्ट कर. जुना दुरुस्त करत बसू नकोस, त्यात रात्र जाईल.

दुसरी गोष्ट तू मला घोळवून घोळवून विचारलीस, म्हणजे मनात चांगलीच रुतलेली दिसते. ओढून टाकलेलं म्हणजे खरं प्रोग्रॅमिंग नाही, परीक्षक हसतील, वर्गातली मुलं चिडवतील. खरं सांगू का? ज्या वर्ल्ड वाइड वेबवर आपलं अर्धं आयुष्य चाललंय ना, त्याचा पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्नमध्ये नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर लिहिला. त्या कॉम्प्युटरबरोबर इंटरफेस बिल्डर नावाचं साधन येत असे. जाँ-मारी युलो या फ्रेंच माणसाचं ते काम. खिडकी, बटणं, मेन्यू माउसनं मांडायचे आणि कुठलं बटण कुठल्या कामाला जोडायचं तेही रेघ ओढून सांगायचं. बर्नर्स-ली यांनी ते वापरलं, आणि त्यांना कुणी 'खरे प्रोग्रॅमर नव्हेत' म्हटल्याचं निदान माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

व्हिज्युअल बेसिकची गोष्टही तशीच आहे. ॲलन कूपर यांनी विंडोजसाठी एक साधन केलं होतं, ज्यानं लोकांना आपापल्या सोयीची मांडणी चित्रासारखी जुळवता यावी. १९८८ साली त्यांनी ते बिल गेट्स यांना दाखवलं, मायक्रोसॉफ्टनं ते घेतलं, त्याला बेसिक भाषा जोडली आणि १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाजारात आलं. कितीतरी दुकानांची बिलं आणि दवाखान्यांचे केसपेपर पुढं वर्षानुवर्षं त्यावर चालले. तेव्हा कमीपणा वाटून घेऊ नकोस. आणि परीक्षकांचीच भीती असेल तर एक युक्ती सांगते. एडिटरमध्ये वर उजवीकडे 'कोड', 'स्प्लिट' आणि 'डिझाइन' असे तीन पर्याय असतात. तू 'स्प्लिट'मध्ये काम करत जा. एका बाजूला बटण ओढशील आणि दुसऱ्या बाजूला एक्सएमएलच्या ओळी आपोआप उमटताना दिसतील. आठवडाभर असं केलंस की त्या ओळी वाचता येतात. मग 'कोड कुठाय?' असं विचारलं की बोट ठेवून दाखवायचं.

बरं, आता मुद्द्यावर येऊ. तू डब्याचं ॲप करते आहेस, छान विषय घेतलास. वर तारीख, खाली आजची भाजी, त्याखाली 'डबा हवा' आणि 'आज नको' अशी दोन बटणं, आणि तळाशी एकूण डब्यांचा आकडा. चित्रात सगळं जिथल्या तिथं बसलंय. फोनवर चालवलंस आणि सगळी मंडळी वरच्या डाव्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर! तू म्हणालीस, 'ताई, मी रडायचीच बाकी होते.' अगं, तुझं काही बिघडलेलं नाही. कशालाच कन्स्ट्रेंट लावलेलं नव्हतं, एवढंच. तू जिथं बटण सोडलंस ती जागा फक्त एडिटरपुरती असते. ॲप चालू झालं की त्या बटणाला 'मी कुणाला धरून राहू?' हे माहीत नसतं, म्हणून ते शून्य-शून्य या जागेवर, म्हणजे डाव्या कोपऱ्यात जातं. एडिटर तसा इशाराही देतो, लाल खुणेनं. पण आपण लाल खूण दिसली की ती मिटेपर्यंत इथं तिथं क्लिक करतो, वाचत नाही.

कन्स्ट्रेंट म्हणजे काय ते सोपं आहे. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी आठव. तिला दोन खिळे लागतात. एकच खिळा असेल तर दोरी तिथून लोंबत राहते, समोरची भिंत लांब सरकली काय आणि जवळ आली काय, तिला फरक पडत नाही. दोन्हीकडे बांधलीस की मधली दोरी भिंतींप्रमाणे लांब-आखूड होते. बटणाच्या चार बाजूंना जे गोल ठिपके दिसतात, ते धरून स्क्रीनच्या कडेपर्यंत किंवा शेजारच्या वस्तूपर्यंत ओढायचं. प्रत्येक वस्तूला आडवं निदान एक आणि उभं निदान एक कन्स्ट्रेंट हवंच. डावी-उजवी दोन्ही लावलीस आणि रुंदी 'रॅप कंटेंट', म्हणजे आतल्या मजकुरापुरती, ठेवलीस तर वस्तू मधोमध बसते. रुंदी '० डीपी' केलीस तर ती दोन्ही टोकांपर्यंत ताणली जाते. हे शून्य बघून घाबरू नकोस. इथं शून्याचा अर्थ 'कन्स्ट्रेंट सांगतील तेवढी' असा आहे.

बघ, हे कळलं की या विषयातलं निम्मं कळलं. फोन शेकडो प्रकारचे आहेत. तुझ्या काकूंचा जुना बसका फोन, तुझ्या भावाचा उंच सडसडीत, मेसच्या मावशींकडे टॅबलेट. या सगळ्यांवर डावीकडून १२० आणि वरून ३०० असं मोजून ठेवलेलं काही टिकणार नाही. टिकेल ते नातं: भाजीचं नाव तारखेच्या खाली, बटणं भाजीच्या खाली, आकडा तळाला धरून. म्हणून स्क्रीन ओढायला घेण्याआधी वहीच्या पाठकोऱ्या पानावर चार चौकोन काढ आणि कोण कुणाला धरून आहे त्याचे बाण मार. मग एडिटरमध्ये फक्त तेच बाण ओढायचे. गूगलनं कन्स्ट्रेंट लेआउट २०१६ साली आणला तो याच कामासाठी. त्याआधी एका चौकोनात दुसरा, त्यात तिसरा असे थर रचत बसावं लागायचं.

ती दोन बटणं शेजारी-शेजारी सारख्या अंतरावर हवीत ना? दोन्ही निवड, राइट क्लिक कर, 'चेन्स'मध्ये जाऊन आडवी चेन कर. झालं. आणि वर ती जादूच्या कांडीची खूण आहे, 'इन्फर कन्स्ट्रेंट्स'ची. एका क्लिकमध्ये सगळी कन्स्ट्रेंट लावून देते. मोह होतो, मला माहितेय. पण ती अंदाजानं लावते, आणि तिनं काय कुठं बांधलं हे शोधताना तू जास्त थकशील. पाच-सहा वस्तूंची तर स्क्रीन आहे, हातानं बांध.

अजून एक फसवी जागा सांगते, कारण इथं भल्याभल्यांचा वेळ जातो. उजवीकडे ॲट्रिब्युट्समध्ये 'टेक्स्ट' दोनदा दिसतं. एक साधं आणि एकापुढं छोटा पाना. पान्याच्या रकान्यात 'आजची भाजी: मेथी' लिहिलंस तर एडिटरमध्ये झकास दिसेल आणि ॲपमध्ये ती जागा रिकामी राहील. पाना म्हणजे 'फक्त काम करताना बघण्यासाठी'. नमुना मजकूर घालून मांडणी तपासायला तो उत्तम, पण खरा मजकूर साध्या रकान्यातच लिही.

नावांचं काय केलंस? बटन, बटन२, बटन३, टेक्स्टव्ह्यू, टेक्स्टव्ह्यू२... वाटलंच. एडिटर स्वतःहून असलीच नावं देतो. माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टात मी ती तशीच ठेवली होती, आणि त्यातलं बटन७ नेमकं काय करायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही. तू वस्तू सोडलीस की त्याच क्षणी तिला नाव दे. 'बटन_हवा', 'बटन_नको', 'मजकूर_भाजी', असं काहीही, इंग्रजी अक्षरांत, पण बघताक्षणी कळेल असं. नंतर बदललंस तर स्टुडिओ विचारतो की बाकी ठिकाणीही बदलू का, तेव्हा हो म्हण. पण तोवर कोडमध्ये दहा जागी जुनं नाव पसरलेलं असतं आणि डोकं भणभणतं.

आता मराठीचं, आणि इथं मी जरा हट्टीपणा करणार आहे. तुझं ॲप मेसच्या मावशी वापरणार आणि त्यावर 'सबमिट' नि 'कॅन्सल' कशाला? सगळा मजकूर मराठीत असू दे. फक्त तो थेट बटणावर लिहू नकोस, स्ट्रिंग्जच्या फाइलमध्ये ठेव. ॲप दोन्ही भाषांत हवं असेल तर मूळ फाइल इंग्रजी आणि मराठीसाठी 'व्हॅल्यूज' या नावाला एमआर जोडलेला वेगळा फोल्डर. त्यासाठी ट्रान्सलेशन्स एडिटर आहे, एका रांगेत दोन्ही भाषा दिसतात. लेआउट एडिटरच्या वरच्या पट्टीत भाषा बदलून बघायचीही सोय आहे. ती रोज वापर, म्हणजे इंग्रजीत चार अक्षरांत मावलेलं बटण मराठीत कुठं ओसंडतं ते लगेच दिसेल.

आणि उंची! देवनागरीला वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार असतात. बटणाची किंवा मजकुराची उंची ठरावीक आकड्यात बांधलीस की वरचं तरी कापलं जातं नाहीतर खालचं. तपासायला 'कुर्मा' हा शब्द घे. त्यात खाली उकार आहे आणि वर रफार. कुर्मा नीट दिसला तर बाकीच्या भाज्या निभावतात. उंची शक्यतो 'रॅप कंटेंट'च ठेव. अक्षरांचा आकार एसपी या एककात दे, बाकी मापं डीपीत. कारण मावशींनी फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवलेली असतील तर एसपीतला मजकूर त्याप्रमाणे मोठा होतो. अँड्रॉइड १४ मध्ये तर अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. तुझ्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदा अक्षरं सर्वांत मोठी कर आणि मग तुझं ॲप उघड. जे तुटेल ते आत्ताच तुटू दे. फॉन्ट बदलायचाच असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट घे. गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे आणि लहान आकारातही वाचता येतो.

बटणं मोठी ठेव गं. निदान ४८ डीपी उंच-रुंद, म्हणजे पडद्यावर साधारण ९ मिलिमीटर. कणकेच्या हातानं, करंगळीनं कुणीतरी ते दाबणार आहे. आणि पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं, जी आजकाल फार 'क्लासी' वाटतात, ती नको. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ला १ एवढा कॉन्ट्रास्ट असावा असा वेबसाठीचा मान्य नियम आहे, तोच ॲपला लाव. हे मोजून देणारी मोफत साधनं आहेत, मिनिटभराचं काम.

तुझ्या पार्टनरनं फिग्मात सगळ्या स्क्रीन करून आणल्या आणि 'ॲप झालं' असं ग्रुपवर टाकलं, हे वाचून मला हसूच आलं. तिला रागावू नकोस. फिग्मा २०१६ साली सगळ्यांसाठी खुलं झालं आणि त्यानं डिझाइनचं काम फार सुखाचं केलं. एका स्क्रीनवरून दुसरीवर जाताना कसं दिसेल तेही त्यात दाखवता येतं. पण तो आराखडा आहे, त्यातलं 'डबा हवा' दाबलं तर कुठंही नोंद होत नाही. तिचं काम वाया मात्र गेलेलं नाही. तिनं ऑटो लेआउट वापरला असेल तर कोण कुणाशेजारी आणि अंतर किती हे तिनं आधीच ठरवलेलं आहे, ते सरळ उतरवून घे. आणि दोघींनी मिळून एकाच स्क्रीनच्या फाइलवर काम करू नका. तिनं एक बटण हलवलं, तू दुसरं हलवलंस, की गिटमध्ये दोन्ही बदल एकमेकांवर आदळतात. आयफोनची ॲपं करणारे लोक स्टोरीबोर्डबद्दल हीच कुरकुर करतात, कारण तिथं एकाच फाइलमध्ये पुष्कळ स्क्रीन ठेवता येतात. तुमच्याकडे प्रत्येक स्क्रीनची फाइल वेगळी आहे. वाटून घ्या आणि मोकळ्या व्हा.

सी शार्पच्या प्रॅक्टिकलमध्ये विंडोज फॉर्म्स आहे म्हणालीस, त्याचं एकच सांगते. चुकून बटणावर डबल क्लिक झालं की डिझायनर रिकामं फंक्शन तयार करतो. ते नको म्हणून कोडमधून पुसलंस की लगेच एरर, कारण त्यानं आपल्या वेगळ्या फाइलमध्ये त्या नावाची जोडणी लिहून ठेवलेली असते. आधी प्रॉपर्टीजमध्ये विजेच्या खुणेवर जा, तिथून ती नोंद काढ, मग फंक्शन पूस. आणि ती 'डिझायनर' नावाची फाइल हातानं सजवायला जाऊ नकोस. पुढच्या वेळी काही ओढलंस की ती नव्यानं लिहिली जाते आणि तुझी सजावट जाते.

धाकट्या भावालाही शिकायचंय म्हणे. त्याला हे सगळं नको. त्याला एमआयटी ॲप इन्व्हेंटर दे. २०१० साली गूगलनं लोकांसमोर आणलेलं हे साधन नंतर एमआयटीकडे गेलं, ब्राउझरमध्ये चालतं आणि मोफत आहे. एका बाजूला स्क्रीन मांडायची, दुसऱ्या बाजूला रंगीत ब्लॉक जोडून वागणूक सांगायची. तिथं टाकलेल्या वस्तू एकाखाली एक बसतात, शेजारी-शेजारी हव्या तर आधी आडवी चौकट आणावी लागते. त्यामुळं मांडणीची शिस्त पोराला आपसूक लागते. तुला स्वतःला खूपच गोंधळल्यासारखं वाटलं तर एक रविवार तूही त्यावर घालव, त्यात काही लाज नाही.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. नवीन ॲपसाठी गूगल स्वतः कंपोज वापरा म्हणतं, मग हे ओढाओढीचं शिकून काय उपयोग? खरं सांगू का, तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नोकरीला लागलीस की नव्या ॲपमध्ये बहुधा कंपोज दिसेल, २०२१ साली त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली आणि तेव्हापासून ते पसरतंच आहे. पण जुनी ॲपं एका रात्रीत बदलत नाहीत, एक्सएमएलच्या स्क्रीन सांभाळणारे हातही लागतातच. आणि कंपोजमधले रो, कॉलम, बॉक्स म्हणजे आडवी रांग, उभी रांग आणि एकावर एक. वहीत बाण काढून तू जे ठरवतेस तेच तिथं लिहायचं असतं. माझं मत विचारशील तर या सेमिस्टरला व्ह्यूज पूर्ण कर आणि सुट्टीत हीच डब्याची स्क्रीन कंपोजमध्ये लिहून बघ. पण आत्ता, अर्ध्या वाटेवर, अजिबात बदलू नकोस. आणि 'कोड लिहावाच लागत नाही' म्हणणाऱ्या एखाद्या पैशाच्या सेवेकडे वळायचा विचार असेल तर आधी एकच विचार: केलेलं काम कोडच्या रूपात बाहेर काढता येतं का? नाही म्हणाले, तर पुढं चल.

लॅपटॉप घरघरतो त्याचं कारण बहुतेक एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपमध्येच चालणारा नकली फोन. तो बंद ठेव, खरा फोन जोड. फोनच्या 'अबाउट'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मार, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू कर. लॅपटॉपलाही सुटका आणि ॲप खऱ्या हातात कसं वाटतं तेही कळतं.

उद्या फक्त एवढंच कर: एक स्क्रीन, पाच वस्तू, सगळ्यांना नावं, सगळ्यांना कन्स्ट्रेंट, आणि भाजीच्या जागी कुर्मा. जमलं नाही तर फोन कर, पण लाल खुणेवर काय लिहिलंय ते आधी वाचून कर. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री स्टुडिओ कोपऱ्यात 'नवीन अपडेट उपलब्ध आहे' असं दाखवेलच. माझी शपथ आहे तुला, त्याला हात लावायचा नाही.